कोण कोणास म्हणाले, आणि का?

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न सोडवला आहे : ‘कोण कोणास म्हणाले?’ धड्यातले एक वाक्य दिलेले असे. बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नाव लिहिले की गुण पदरात पडत. मुलाने धडा वाचला आहे, एवढे त्यातून कळे. पण ते वाक्य त्याच माणसाच्या तोंडी, त्याच वेळी का आले, हे सहसा कुणी विचारीत नसे. या दिवाळी अंकाची जुळवाजुळव करताना आम्ही त्या न विचारलेल्या ‘का’पाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबलो. तिसरी ते सहावीच्या मुलांना गोष्ट कशी शिकवावी, याचे उत्तर त्या एका अक्षरात आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी इसापनीती मुंबईत १८२८ साली छापली गेली. तिला आता दोनशे वर्षे होत आली. एवढ्या काळात आपण गोष्टीच्या शेवटी तात्पर्य शोधायला छान शिकलो. मात्र त्याची सवय इतकी जडली की मूल गोष्ट संपायच्या आत तात्पर्याकडे धावू लागले. द्राक्षे आंबट म्हणणारा कोल्हाच घ्या. तो ते कोणास म्हणाला? वेलीखाली दुसरे कुणीच नाही. म्हणजे तो स्वतःलाच सांगतो आहे. का सांगतो आहे? इथे चौथीतले मूल क्षणभर गप्प होते आणि मग आपल्याच आठवणीतले काहीतरी सांगू लागते. हातातून निसटलेले बक्षीस, न मिळालेली सायकल. ते मूल आता कोल्ह्याच्या मनात शिरले आहे. तात्पर्य त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. घराघरांनी त्यातून संस्कार घेतले, ते योग्यच झाले. पण गुरुजींची सांगण्याची रीतही शिकण्याजोगी आहे. आश्रमात मित्र जमतात, मोठा झालेला श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणून तिथे प्रत्येक प्रकरण ही एक ‘रात्र’ आहे. पोहण्याची आठवण पाहा. विहिरीच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते आणि तो पोहून आल्यावर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात.

आता वर्गात विचारा : जी आई मारते, तीच मग का रडते? त्याचे उत्तर शोधताना मुलांना ‘पात्र’ समजते. हीच हकिगत लहान श्यामने त्याच दिवशी मित्राला सांगितली असती तर? आईने शेजारणीला सांगितली असती तर? असे सांगून पाहिले की ‘निवेदक’ समजतो. आणि कोकणातल्या विहिरीच्या जागी शिवाजी पार्कचा तरणतलाव असता, श्यामचे घर म्हणजे लालबागच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली असती तर? लपायला जागा नाही, आईचा आवाज सगळ्या गॅलरीला ऐकू जाणार. जागा बदलली की गोष्टही बदलते. ‘स्थळ’ म्हणजे काय, हे याहून सोपे करून कोण सांगणार?

मुलांना हे सारे आधीच ठाऊक असते, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केले, रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले. तेव्हापासून मुंबईतल्या पिढ्या बालनाट्ये पाहत वाढल्या. आजही दादरच्या नाट्यगृहात बालनाट्याला जाऊन बसा. पात्राच्या पाठीमागून संकट येऊ लागले की सगळी मुले ‘मागे बघ, मागे बघ’ म्हणून ओरडतात. आपल्याला जे कळले ते त्या पात्राला कळलेले नाही, हे त्यांनी ओळखलेले असते. शिक्षकाने पुढच्या तासाला त्या ओरडण्याचे कारण विचारावे. ‘उत्कंठा’ या शब्दाची व्याख्या मग पाठ करून घ्यावी लागणार नाही. व्याख्या आधी आली, तर मात्र गोष्ट मरते.

आणि मुलांनी लिहावे कशावर? कवी नारायण सुर्वे मुंबईच्या गिरणगावात वाढले. महापालिकेच्या शाळेत ते आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. १९६६ साली त्यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह आला. त्यांनी शाळेबाहेरच्या जगण्यालाच विद्यापीठ मानले. परळमधल्या आजच्या मुलाच्या घरीही गिरणीचा भोंगा आठवणारे आजोबा असतील, चाळ सोडून टॉवरमध्ये गेलेली आजी असेल. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ म्हणून तयार मुद्दे देण्याऐवजी आजीला एकच विचारून यायला सांगावे : घर सोडताना तू काय म्हणालीस, कोणाला, आणि का? त्या उत्तरात पात्र आहे, प्रसंग आहे, संघर्षही आहे.

मराठी शाळांचे पट घटत आहेत, शिक्षकांवर कामांचे ओझे आहे, अभ्यासक्रम संपवायचा असतो. हे आम्ही जाणतो. तरीही ‘का’ या प्रश्नाला ना खर्च लागतो, ना वेगळा तास. आणि घराने तर शाळेची वाट पाहत थांबायला नको.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवणारा आपला समाज आहे. यंदा भाऊबीजेच्या दुपारी या अंकातली एक गोष्ट घरातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. शेवटी तात्पर्य विचारू नका. ‘तो असे का म्हणाला असेल?’ एवढेच विचारा आणि मूल बोलेपर्यंत थांबा.