भूतघरातील भुताची निवड

ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेत साजरा होणारा ‘हॅलोविन’ हा भुताखेतांचा सण आता आपल्याकडील मनोरंजन उद्यानांतही शिरू लागला आहे. खोपोलीजवळील ‘इमॅजिका’त असे कार्यक्रम झालेले आहेत. ही कंपनी २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आली. शिर्डीचे ‘साई तीर्थ’ही त्यांचेच. तेव्हा या धंद्याशी आपल्या जिल्ह्याचा संबंध केवळ तिकीट काढणाऱ्याचा उरलेला नाही आणि भूतघरासाठी चित्रपट कसा निवडतात, हा प्रश्नही वाटतो तितका परका नाही.

ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९९१ मध्ये हा प्रयोग सुरू केला. भूतघर म्हणजे पायी पार करावयाचा अंधारा मार्ग. काही मिनिटांत प्रेक्षक बाहेर पडतो आणि त्याच्या मागे रांग उभीच असते. एवढ्या अवधीत कथानक सांगणे अशक्य. म्हणून ज्याची गोष्ट प्रेक्षक घरूनच घेऊन येतो, ज्यातील वाडा, तळघर, बोळ एकापुढे एक उभारता येतात, आणि ज्यातील भूत नुसत्या सावलीवरून ओळखू येते, असा चित्रपट सोयीचा ठरतो. दुसरी बाब हक्कांची. १९३१ चे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे युनिव्हर्सलच्या घरचेच; दुसऱ्याचा चित्रपट घ्यावयाचा तर मोबदला द्यावा लागतो व मालकाची मर्जीही सांभाळावी लागते. माहीत असलेल्याच भीतीसाठी लोक पैसे का मोजतात, असे कोणी विचारील. एकच वग दहा वेळा पाहणाऱ्या आपल्या माणसांना त्याचे उत्तर ठाऊक आहे.

जत्रेतील भूतबंगल्याला मात्र हक्क आणि परवाने यांचे सोयरसुतक नसते. मुलांना घेऊन प्रस्तुत लेखक अशा एका तंबूत शिरला होता. आत पांढऱ्या साडीतील, केस मोकळे सोडलेली बाई! निवडीचा निकष उघड होता: एक साडी, एक टोप आणि एक हिरवा दिवा यांपलीकडे खर्च नाही. हे रूप रूढ केले ते ‘महल’ (१९४९) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) यांसारख्या हिंदी चित्रपटांनी. या दोन्ही चित्रपटांत अखेरीस भूत नव्हतेच, जिवंत बाई होती, हे तंबूत कोण सांगणार?

अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणून एक संज्ञा आहे. सौदा दोघांचा, भुर्दंड तिसऱ्याला. येथे तो तिसरा कोण, हे महाराष्ट्रात शोधावे लागत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्यावर करणी-भानामतीचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे, हे गुन्हे ठरविणारा कायदा राज्याला २०१३ साली करावा लागला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. जेथे गावातील एकट्या विधवेकडे अजूनही बोट दाखविले जाते, तेथे मोकळ्या केसांची बाई हे निरुपद्रवी नेपथ्य नव्हे.

उद्यानवाल्यांनी म्हणूनच आपल्या घरातील चित्रपट तपासून पाहावेत. ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचू हा बाहुल्यात शिरलेला गुन्हेगार आहे. कल्पनेचे मूळ ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. आणि त्याला पाहून मुले भिण्यापेक्षा हसतील, हेही खरे. पण त्याच्यावरून कोणा शेजारणीवर संशय घेता येत नाही. ‘तुंबाड’ (२०१८) तर भूतघराच्या मोजमापानेच घडल्यासारखा आहे. पडका वाडा, विहीर, पाऊस, आणि सोन्याच्या लोभापायी पुनःपुन्हा खाली उतरणारा माणूस. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई झाली. म्हणजे ओळखीची अटही पुरी होते. त्यातील हस्तर मुळात लोभाचा धनी. त्याला कोणत्याही गावच्या गल्लीत घर नाही.

मालकाला योग्य मोबदला देऊन असे भूतघर उभारणे मोठ्या उद्यानाला जड नाही. जत्रेतील तंबूवाल्याला तो खर्च परवडणार नाही. त्याने निदान साडी घडी करून ठेवावी आणि टोपाऐवजी एखादा सांगाडा टांगावा. तो पुठ्ठ्याचाही होतो.