करडई कोठें गेली?

सोलापूरच्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी आणि तिच्या कडेनें करडईच्या ओळी, हा देखावा ज्यांनीं पाहिला आहे ते वाचक आतां वयस्क झाले असतील. करडईस कांटे, म्हणून ती कडेनें पेरली कीं मोकाट गुरें आंत शिरत नसत. कुंपणाचें कुंपण आणि तेलाचें तेल! कोंवळेपणीं तिची भाजी होई, ती निराळीच. संस्कृतांतील कुसुंभ तो हाच. प्राचीनांनीं त्याच्या पाकळ्यांनीं वस्त्रें रंगविलीं, आमच्या घरांतून त्याच्या तेलाची फोडणी झाली.

ही करडई मागें कां पडली? १९८६ सालीं सरकारनें तेलबियांसाठीं खास मोहीम काढली आणि कांहीं वर्षांतच देश आपल्या गरजेपुरतें तेल बहुतांशीं स्वतः पिकवूं लागला. पुढें १९९४ सालीं पामोलीन व १९९५ सालीं बहुतेक इतर खाद्यतेलें खुल्या आयातींत आलीं. पामोलीनवरील जकात प्रथम शेंकडा ६५ होती; १९९८ सालीं ती १५ वर उतरली. मलेशिया-इंडोनेशियांतील तेलताडाची बाग हेक्टरीं तीन-चार टन तेल देते. आमच्या कोरडवाहू करडईंतून त्याचा दशांशहि निघत नाहीं. अशा कुस्तींत निकाल काय लागावयाचा? आज देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक बाहेरून येतें.

सारा दोष परक्यांच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें नव्हे. पहाटेच्या दंवांत, कांटे मऊ असतांना करडई कापावी लागते. त्या कामास मजूर मिळेनासे झाले. फलटणच्या निंबकर संस्थेनें ‘नारी-६’ हा बिनकांट्याचा वाण काढला, खुद्द सोलापुरांतहि करडईचें संशोधन केंद्र आहे. पिकाचे कांटे संशोधकांनीं काढले. बाजारभाव कांहीं त्यांच्या हातचा नाहीं.

तो कोणाच्या हातीं आहे हें अलीकडेंच दिसलें. १४ सप्टेंबर २०२४ रोजीं, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरील मूळ जकात शून्यावरून शेंकडा २० झाली. शेतकऱ्यास धीर आला. ३० मे २०२५ रोजीं तीच १० वर आली. भाव चढेल म्हणून कोणीं पोतीं राखलीं असतील, तर ती आशा तेथेंच मावळली. जकात चढली कीं स्वयंपाकघर कुरकुरतें, उतरली कीं रान. आणि ज्या कुटुंबाचें रानहि आहे व चूलहि, त्यानें कोणाची बाजू घ्यावी?

स्वस्त तेलाचा भरंवसा तरी किती? २८ एप्रिल २०२२ रोजीं इंडोनेशियानें पामतेलाची निर्यातच बंद केली. २३ मे रोजीं ती पुन्हां सुरू झाली. युक्रेनमधील युद्धामुळें सूर्यफुलाचें तेल आधींच अडलें होतें. त्या दिवसांत डब्याचा भाव ऐकून वाण्याच्या दुकानांतून परतलेल्या गृहिणींस हें निराळें सांगावयास नको.

आयात अजिबात बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. तितकें तेल आज आपल्या रानांत नाहीं. परंतु भाद्रपदांत पेरणीपूर्वीं जी जकात जाहीर होईल ती पुढील भाद्रपदापर्यंत हलवूं नये, एवढें मागणें आम्हांस अवास्तव वाटत नाहीं.