जिप्सी आत, पाय बाहेर

जंगलात फिरणं हा काय आपल्या अंकाचा विषय आहे, असं दोन-चार मित्र नक्की म्हणणार. बेकारी आहे, मारझोड आहे, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात, आणि हा बाबा डोंगर चढायला निघाला! म्हणू द्या. माझा विषय डोंगराचा नाहीच. वाटेचा आहे. आणि या देशात वाट कोणाची, हा प्रश्न आपल्याइतका कोणाच्या पायात मोडला नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं नागपूरहून लाल डब्यात बसलो. भंडारा, लाखनी, साकोली. चौघांचे खिसे झाडले तर एसटीचं जाणं-येणं, दोन वेळचं जेवण आणि चहा, एवढंच निघत होतं. साकोलीहून पुढं काळी-पिवळी, त्यापुढं पायी. पोचलो एका गेटावर. गेटाच्या नावाला महत्त्व नाही.

चौकीतला पोरगा आमच्याच वयाचा.

"गाडी कुठं आहे, दादा?"

"गाडी नाही. पायी जाऊ."

"पायी नाई जमत. वाघाचं जंगल आहे. गाडी पायजे, गाइड पायजे."

"गाडीपुरते पैसे नाहीत."

तो हसला. पण कुचकं नाही हसला. म्हणाला, "मंग माह्यासारखेच आहा तुमी. मी इथलाच. पन पाहुना बनून आत जातो म्हनलं तं मलेबी नाई परवडत."

बोलता बोलता तीन जिप्स्या धुरळा उडवत आल्या. टोप्या, दुर्बिणी, हातभर लांब कॅमेरे. फाटक उघडलं, फाटक लागलं. त्याच वेळी बाजूच्या वाटेनं दोन बाया डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन येत होत्या. चौकी दिसली तशी त्यांनी मान खाली घातली आणि पाय उचलला. चाकाला सलाम, पायाला दम. मायला, हेच का ते निसर्गप्रेम?

आता कोणी म्हणेल, वाघ काय खोटा आहे? नाही, वाघ खरा आहे. नागझिरा 1970 साली अभयारण्य झालं, तेव्हा ते सगळं भंडारा जिल्ह्यात होतं; गोंदिया 1999 साली वेगळा निघाला. नवेगाव 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं, कोका 2013 साली अभयारण्य, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सगळं मिळून व्याघ्र प्रकल्प. वाघ जगला पाहिजे, जंगल जगलं पाहिजे. जंगल गेलं तर पहिला मरणार जंगलाच्या काठचा माणूस. त्यामुळे ऐन गाभ्यात कोणीही उठून पायी हिंडावं असं मी म्हणत नाही. पण वाघ पंजा मारतो कोणावर? जिप्सीतल्या टोपीवर नाही. मार्च-एप्रिलात पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला वाकलेल्या बाईवर. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसावर. धोका पायाच्या वाट्याला आणि दर्शन चाकाच्या वाट्याला, ही वाटणी वाघानं केलेली नाही.

आणि या जंगलातल्या पायवाटा पाडल्या कोणी? गोंड, हलबा, गोवारी, ढिवर आणि आपली माणसं. सत्तर पानांचा एक पुडा. शेकडो पुडे बांधून फळीवर न्यायचे, तिथं मोजून द्यायचे. माझी आजी त्याच पानाच्या बिड्या वळायची. हजाराचा हिशेब तिच्या बोटांत होता. कारखान्याचा माणूस त्यातल्या मूठभर खराब म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. मरेपर्यंत तिच्या हाताला तेंदूचा वास होता. जंगल तिनं हातानं ओळखलं, डोळ्यानं कधी पाहिलं नाही. मला गेटावर तीच आठवली.

सरकारनं 2006 साली वनहक्क कायदा केला. जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं त्यात कबूल केलं. चांगलं झालं, आदिवासी बांधवांनी तो लढून मिळवला. पण आपला माणूस त्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' या रकान्यात पडतो. त्याची अट काय? 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, इथंच राहून जंगलावर जगत होतो हे सिद्ध करा. म्हणजे 1930 साल गाठा!

1930 साली काय चाललं होतं? बाबासाहेबांची माणसं काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर उभी होती. त्याच साली आपल्या विदर्भात पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. जंगल सत्याग्रह झाला, इतिहासात नोंद झाली. आपल्या बाया रोज गवत कापत होत्या. ते कोणत्या इतिहासात लिहिलंय? ज्याला गावानं वेशीच्या आत येऊ दिलं नाही, त्याच्या झोपडीचा कागद कोणत्या दप्तरात सापडणार? एकानं गवत कापलं तर सत्याग्रह, दुसऱ्यानं कापलं तर चोरी.

रात्री भंडाऱ्याला एका मित्राच्या घरी पडलो. सकाळी तुमसरची एसटी धरली. आंबागड चढायचा होता. तिथं जिप्सी लागत नाही. वाटेत मोहाडी आलं आणि आमचं बोलणं आपोआप थांबलं. खैरलांजी याच तालुक्यातलं. 29 सप्टेंबर 2006. सुरेखा, प्रियांका, सुधीर, रोशन भोतमांगे. त्या रागाच्या मुळाशी काय होतं, आठवतं? रस्ता. भोतमांगेंच्या शेतातून गावाला रस्ता पाहिजे होता, आणि एक बाई आपल्या जमिनीसाठी ताठ उभी राहिली. पुढं शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. आपल्या शेतातून त्यांना वाट पाहिजे; त्यांच्या जंगलात आपल्याला वाट नाही. वाट हा शब्द एवढा साधा नाही, दोस्तांनो.

तुमसरहून आंबागड सुमारे 13 किलोमीटर. नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंदच्या काळात, 1700 च्या आसपास हा किल्ला बांधला गेला. पुढं भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना इथलं सडलेलं पाणी पाजून मारत, असं सांगतात. आम्ही घाम गाळत वर गेलो. खाली सातपुड्याचं रान, धानाच्या बांध्या, मधेमधे तलाव चकाकत होते. वर कोणी गाडी विचारली नाही, आडनाव विचारलं नाही. चौघं तासभर गप्प बसलो. पायांना असं मोकळं वाटणं हीसुद्धा माणसाची गरज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. भाकरीनंतरची गरज म्हणून ती कमी होत नाही.

आता आपलंही थोडं उखडू. आपल्यातले नोकरीला लागलेले काही जण सुट्टीत जिप्सी करतात, वाघाचा फोटो मोबाइलवर टाकतात आणि मोळीवाल्या बाईकडं ढुंकून बघत नाहीत. बाकीचे म्हणतात, डोंगर चढणं बामणांच्या पोरांचा शौक. दोघंही वाट सोडून देतात. खेडं सोडा हे बाबासाहेबांचं म्हणणं आपण ऐकलं, बरं केलं. पण खेडं सोडलं म्हणजे तिथल्या वाटांवरचा हक्क सोडला, असं नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गाभा वाघाला राहू द्या. बफरमध्ये एसटीच्या थांब्यापासून पायवाटा खुल्या करा. वाटाडे गावचीच पोरं-पोरी असू द्या, आणि पैसा ग्रामसभेच्या हातात पडू द्या.

आणि आपण काय करायचं? कायद्याच्या नियमात एक गोष्ट आहे, ती पाठ करा. कागद हाच एकटा पुरावा नव्हे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा धरला जातो. फक्त तो दावा करणाऱ्याचा स्वतःचा चालत नाही, आणि एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. ही म्हातारी माणसं रोज एकेक करून जात आहेत. त्यांच्यासोबत वाट कोणी पाडली याची साक्षही जळते आहे. आपल्याला लिहिता येतं. मग जंगलात नुसता मोबाइल घेऊन जाऊ नका. म्हातारीजवळ बसा, विचारा, लिहा, आणि गावच्या वनहक्क समितीपुढं ते ठेवायला गावकऱ्यांना साथ द्या.

चवदार तळ्यावर 1927 साली आपली माणसं तहानेपोटी गेली नव्हती. आपणही डोंगरावर नुसती हवा खायला जायचं नाही.

येत्या रविवारी पहिली एसटी. पायात मजबूत चपला, पिशवीत भाकर आणि एक कोरी वही.