गुड फ्रायडे आणि १९ एप्रिल

२०१९ साली गुड फ्रायडे १९ एप्रिलला आला होता. २०३० सालीही तो त्याच तारखेस येईल. हा योगायोग इतरत्र कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नाही. ठाण्यातील ख्रिस्ती माणसाला मात्र त्याकडे पाठ फिरविता येणार नाही. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले.

सलग तीन दिवसांची सुटी आली की कोलशेतच्या नव्या निवासी मनोऱ्यांतून मोटारी पहाटेच घाटाकडे निघतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. नोकरदाराला विसावा हवाच. प्रश्न आहे तो मागे राहणाऱ्याचा, ज्याला उपासनाही करावयाची आहे आणि हुतात्म्यांचे स्मरणही.

वेळेची अडचण नाही. गुड फ्रायडेची मुख्य उपासना दुपारी तीनच्या सुमारास होते; तुरुंगापाशी जाऊन मस्तक नमविण्यास सकाळ मोकळी असते. अडचण आहे ती मनाची. कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या, आणि दुपारची उपासना तर आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणाऱ्याची!

यातून सुटण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. देशाच्या गोष्टी मंदिराच्या दाराबाहेर ठेवाव्यात, हा एक. फाशीच्या तख्तालाच क्रूस म्हणून मोकळे व्हावे, हा दुसरा. पहिल्यात भित्रेपणा आहे, तर दुसऱ्यात सभेतल्या टाळ्यांची हौस. क्रूसावरच्याने शस्त्र उचलले नव्हते आणि कान्हेरे यांनी ते जाणूनबुजून उचलले होते. हा भेद पुसण्याने दोघांचाही सन्मान होत नाही.

परंतु भेद मानला म्हणून नाते तुटत नाही. येशूच्या दोन्ही बाजूंस शिक्षा झालेले गुन्हेगारच होते आणि त्यांतील एकाला स्वर्गाचे आश्वासन मिळाले. अरिमथाईच्या योसेफाने पिलाताकडे येशूचा देह मागितला, तेव्हा रोमन सत्तेने तो दिला. ठाण्यात इंग्रज सरकारने तिघांचे देह आप्तांच्या हाती दिले नाहीत. शुभवर्तमानातला तो प्रसंग ऐकताना ठाणेकराला हे आठवू नये, अशी अपेक्षा धरणेच विचित्र होय. (तुरुंग ज्या किल्ल्यात आहे, त्याचे बांधकाम ख्रिस्ती पोर्तुगीजांनीच आरंभिले होते, हेही जाता जाता नोंदविले पाहिजे.)

अशा प्रार्थनेने पिस्तुलाला आशीर्वाद दिल्यासारखे होईल, ही शंका प्रामाणिक आहे. पण प्रार्थना म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. त्याच नाशिक प्रकरणातून उद्भवलेल्या खटल्यात सावरकरांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत काका बाप्टिस्टा होते. पुढे १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपदही याच कॅथलिक गृहस्थांकडे आले. आपल्या धर्माला बाध येईल म्हणून ते आरोपीपासून दूर राहिले नाहीत.

गुड फ्रायडेच्या उपासनेत श्रद्धावंतांसाठी, परधर्मीयांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, संकटग्रस्तांसाठी अशा प्रार्थना होतात आणि प्रत्येकीच्या वेळी क्षणभर मौन पाळले जाते. त्या मौनात कान्हेरे, कर्वे, देशपांडे ही नावे मनाशी घ्यावीत. आणि चौथे, जॅक्सन यांचे.