पाऊणशे लिटरमधली भाऊबंदकी

"काय म्हणतायत तुझे मासे?" फोनवर कुणी ना कुणी विचारतंच. मी "मजेत" म्हणतो आणि विषय बदलतो. खरं सांगायचं तर मध्यंतरी मजेत काहीच नव्हतं.

माझी खाऱ्या पाण्याची टाकी ७५ लिटरची, जेमतेम दोन फूट लांब. पहिला मासा आणला तो डॅमसेल. इंचभर, गर्द निळा, पिवळ्या शेपटीचा. "काटक असतो, आधी हाच घ्या," असा सल्ला मिळाला होता. महिन्याभराने एक छोटा क्लाउनफिश आणला (हो, तोच तो, सिनेमातला निमो). तो खडकाजवळ जायचा अवकाश, की निळे महाशय बाणासारखे अंगावर! तिसऱ्या दिवशी शेपटीच्या चिंध्या. पाचव्या दिवशी सकाळी तो फिल्टरमागे मेलेला सापडला.

मावशी म्हणाली, "खुनशी आहे मेला, देऊन टाक." रागाच्या भरात मीही तयार झालो होतो. पण मग वाटलं, त्याचं चुकलं काय? दोघंही एकाच कुळातले, म्हणजे ही भाऊबंदकीच. समुद्रात डॅमसेल आपला खडकाचा तुकडा राखतो. घुसखोराला हुसकावतो, घुसखोर लांब पळतो, भांडण मिटतं. कोन्राड लोरेन्झने आक्रमकतेवरच्या १९६३ च्या पुस्तकात हेच मांडलंय. हरलेल्याला समुद्रात पळता येतं, टाकीत नाही. माझ्या क्लाउनफिशने पळून जायचं कुठे? दोन फुटांवर काच. हुसकावलं डॅमसेलने, पण कोंडलं होतं मी.

मग उपाय केले. भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या डब्यात डॅमसेलला घातलं आणि डबा टाकीतच आठवडाभर अडकवून ठेवला. दरम्यान सगळे खडक हलवून नव्याने रचले, लपायला जास्तीच्या कपारी ठेवल्या. जुनी जागाच उरली नाही तर दादागिरी कशावर करणार? दुसरा क्लाउनफिश दिवे मालवून सोडला. तो रुळल्यावर डॅमसेलला मोकळं केलं. अजूनही तो अंगावर धावतो, पण अर्ध्यातून परततो. शेपट्या शाबूत आहेत.

तर माझं मत असं, की "काटक मासा आधी" हा सल्ला लहान टाकीसाठी चुकीचा आहे. जो आधी येतो तो मालक होतो, म्हणून शांत मासा आधी आणि तापट सगळ्यात शेवटी. एवढ्या पाण्यात दोन-तीन लहान मासे पुरे. इतकं करूनही पटलं नाही तर एकाला दुकानात परत द्यावं. त्यात हार नाही. 'आपोआप जमेल' म्हणत पाच दिवस नुसतं बघत बसणं, ही खरी हार. ती माझ्या खात्यावर आहे.

परवा दुकानात एक सुंदर जांभळा मासा दिसला. पाकिटाकडे हात गेलासुद्धा. मग ती काच आठवली, आणि रिकाम्या हाताने घरी आलो.

आणि मावशी, निळ्याला दिलेला नाही. तो आहे, मजेत. आता खरंच.