‘वन्स मोअर’ ते ‘गोट’

महाविद्यालयाच्या कट्ट्यावर हल्ली एखाद्या गायकाचे, नटाचे किंवा खेळाडूचे नाव निघाले, की ठरावीक पाचसहा इंग्रजी शब्दांची फैर झडते. तो ‘गोट’ असतो, ती ‘स्ले’ करते, जुना गायक ‘ओजी’ ठरतो, गाणे ‘वाइब’ देते आणि आपण सारे कोणाचे तरी ‘स्टॅन’ असतो. गाणे बदलते, गायक बदलतो. स्तुती मात्र तीच! खानावळीत सकाळ-संध्याकाळ एकच रस्सा वाढावा, तसा हा प्रकार झाला आहे.

इंग्रजी शब्द दिसताच कपाळाला हात लावणाऱ्यांपैकी मी नाही. तसा हात लावायचा, तर आपल्या पणजोबांपासून सुरुवात करावी लागेल. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यानंतर संगीत नाटकाचा जो जमाना आला, त्यात मराठी रसिकांनी बालगंधर्वांच्या पदांना दाद दिली ती ‘वन्स मोअर’ अशा इंग्रजी आरोळीनेच. गंमत अशी, की खुद्द इंग्रज अशा वेळी ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द ओरडतो आणि फ्रेंच माणूस लॅटिनमधला ‘बिस’ वापरतो. आमच्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती. इथल्या मुशायऱ्यात त्याच अर्थाने ‘मुकर्रर’ हा अरबी शब्द घुमला. दाद देताना परका शब्द जिभेवर येणे ही काही एकट्या मराठी माणसाची खोड नव्हे.

पण मित्रहो, ‘वन्स मोअर’ला काम होते. तो शब्द उठला, की नटाला पद पुन्हा म्हणावे लागे. आजच्या शब्दांचे काम काय? आणि ते आले तरी कोठून?

साध्या ‘फॅन’पासून पाहू. हे ‘फॅनॅटिक’चे आखूड रूप, त्याच्या मुळाशी लॅटिन ‘फानुम’ म्हणजे देऊळ आहे. देवळात अंगात आलेला, तो फॅनॅटिक. आपल्या ‘दिवाना’ शब्दाच्या मुळाशी फारसी ‘दीव’ म्हणजे भूत आहे. चाहत्याला कोणीतरी झपाटलेले असते, यावर रोम आणि इराण यांचे एकमत दिसते! ‘स्टॅन’ याहून भयंकर. २००० साली एमिनेम या अमेरिकन गायकाचे त्याच नावाचे गाणे आले. त्यातला स्टॅन हा चाहता आवडत्या गायकाला पत्रांवर पत्रे लिहितो, उत्तर येत नाही म्हणून पिसाळतो आणि गरोदर प्रेयसीसह गाडी नदीत घालतो. हे नाव आपण हौसेने मिरवतो!

‘गोट’ म्हणजे ‘सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. ‘मीच सर्वश्रेष्ठ’ असे छातीठोकपणे सांगणारा मुष्टियोद्धा महंमद अली यामागे उभा आहे; २००० साली एलएल कूल जे या रॅपरने आपल्या ध्वनिमुद्रिकेला हेच नाव दिले. त्यापूर्वी अमेरिकन खेळांत ‘गोट’ म्हणजे ज्याच्यामुळे सामना हरला तो. आपल्या ‘बळीच्या बकऱ्या’चाच भाऊ. ‘ओजी’ हा लॉस एंजेलिसच्या टोळ्यांतला ‘मूळचा गुंड’. ‘स्ले’, ‘शेड’ यांसारखे शब्द रुजले ते न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन तृतीयपंथी व समलिंगी मंडळींच्या ‘बॉल’ नावाच्या स्पर्धांत. घराने हाकललेली, समाजाने नाकारलेली ही माणसे तिथे नटूनथटून येत आणि एकमेकांना मान देत. १९९० च्या ‘पॅरिस इज बर्निंग’ या माहितीपटात ते सारे पाहायला मिळते.

म्हणजे आपण ज्याला साहेबी ऐट समजतो, ते बहुतांशी साहेबाने दूर लोटलेल्यांचे बोल आहेत. हे ध्यानात आले, की प्रश्नाचा रंगच पालटतो. कृष्णवर्णीयांकडून शब्द घेणे महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेऊनच. आपल्या लातूरचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्या पिढीने शब्द घेतला तो त्यामागच्या वेदनेसकट आणि इथल्या वेदनेशी जोडून. आपण मात्र वेदना तिथेच ठेवतो आणि टरफल तेवढे उचलतो.

यात खरे नुकसान कोणाचे? औसा, निलंगा, अहमदपूर या बाजूच्या खेड्यांतून पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाचे. गाणे त्यालाही कळते, कदाचित आपल्यापेक्षा अधिक; भजनात आणि गोंधळात त्याचा कान तयार झालेला असतो. पण तो ‘लई भारी’ म्हणाला, की चार जण हसतात. दुसऱ्या दिवसापासून तो गप्प बसतो, नाहीतर ‘वाइब’ म्हणू लागतो. दोन्ही प्रकारांत त्याला गाण्यात काय दिसले, ते आपल्याला कधीच कळत नाही. वास्तविक लातूरच्याच रितेश देशमुखांनी २०१४ साली ‘लय भारी’ हे नाव थेट चित्रपटाला दिले आणि ते गाजले. पुण्याच्या वस्तीतून आलेल्या एमसी स्टॅनने २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकले, तेव्हा त्याच्या तोंडचा ‘शेमडी’ देशभर झाला. तो शब्द म्हणजे आपल्या आयाबायांची ‘शेंबडी’! आपला शब्द दूरदर्शनच्या पडद्यावरून फिरून आला, की भारदस्त. घरून आणला, की गावंढळ. हा कुठला न्याय?

‘लई भारी’ही शंभरदा म्हटले, की तितकेच गुळगुळीत होते, हे मला मान्य आहे. म्हणून माझे मागणे शब्द बदलण्याचे नाही. एक वाक्य अधिक बोलण्याचे आहे. ‘गोट’ म्हणा, खुशाल म्हणा. पण पुढे सांगा, की तान कुठे वळली, ढोलकी कुठे थांबली आणि कोणत्या ओळीला घसा दाटला. ते सांगायला बसलात, की आपापल्या गावची बोली आपोआप मदतीला धावेल. निदान त्या वेळी तिला हसू नका.