फळवाटपाच्या फोटोतले मूल

जयंती आली, मंडळाचा वर्धापनदिन आला किंवा घरात कुणाचा वाढदिवस असला, की आपल्यापैकी पुष्कळ जण फळे आणि वह्या घेऊन जवळच्या बालगृहात जातात. हेतू चांगलाच असतो. मग वृत्तपत्रांकडे फोटो येतो. मधोमध मान्यवर, बाजूला कार्यकर्ते आणि पुढे हातात केळे धरलेले एक मूल. त्या फोटोची एक प्रत त्या मुलाला कधी कुणी नेऊन देते काय?

आपल्या मुलांचे नामकरणापासूनचे फोटो आल्बममध्ये लागतात. बालगृहातल्या मुलाचेही फोटो पुष्कळ निघतात. फाइलीसाठी निघतात, अहवालासाठी निघतात, देणगीदारासाठी निघतात. त्याच्या पत्र्याच्या पेटीत मात्र बहुधा एकही नसतो. म्हणून सुचवावेसे वाटते, की फळांच्या टोपलीबरोबर एखादे वेळी एक साधा कॅमेरा न्यावा, सहा-आठ रविवार द्यावेत आणि मुलांनाच फोटो काढायला शिकवावे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी जिम हबर्ड नावाचे वृत्तछायाचित्रकार बेघर कुटुंबांचे फोटो काढत असत. निवाऱ्यांत राहणारी मुले त्यांच्या कॅमेऱ्याभोवती गोळा होत. १९८९ साली त्यांनी कॅमेरे त्या मुलांच्याच हाती दिले आणि १९९१ साली मुलांच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. आपल्याकडे कोलकात्याच्या सोनागाछीत झाना ब्रिस्की या छायाचित्रकार बाईंनी २००० सालच्या सुमारास तिथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांना साधे कॅमेरे देऊन वर्ग चालविला. त्यावरच्या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळाले. पण ऑस्करच्या टाळ्यांत एक गोष्ट विसरू नये. त्या मुलांपैकी काहींना निवासी शाळेत घातले, तरी सगळी तिथे टिकली नाहीत. कुणाला घरच्यांनी परत नेले, कुणी आपण होऊन निघून आले. कॅमेऱ्याने आयुष्य पालटेल असे आश्वासन मुलांना देऊ नये. फोटो काढता येईल, एवढेच सांगावे.

शिकवायला फार भांडवल लागत नाही. पहिल्या रविवारी कॅमेरा बाहेर काढूच नये. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि त्यातून आवार पाहायला लावावे. काय आत घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे, हे तिथेच कळते. पुढे खिडकीचा उजेड. वस्तू खिडकीकडे तोंड करून ठेवली तर कशी दिसते, खिडकीला पाठ केली तर कशी काळवंडते, हे मुले दहा मिनिटांत शिकतात. मग कॅमेरा किंवा सिमकार्ड काढून इंटरनेट बंद केलेला जुना मोबाइल द्यावा. एका मुलाला एका दिवशी बाराच फोटो. पूर्वी रोलमध्ये छत्तीसच निघत, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस थांबत असे. ते थांबणे मुलांना शिकवायचे आहे.

सुरुवातीला माणसांचे चेहरे नकोत. चपलांची रांग, दोरीवरचे टॉवेल, खिचडीचे पातेले, स्वतःची पेटी. जी वस्तू खास आपली आहे तिचा फोटो काढ, असे सांगितल्यावर एखादे मूल बराच वेळ नुसते उभे राहील. त्याला घाई करू नये. घर, आई, बाप हे विषय तर मुलाने स्वतः काढल्याखेरीज आपण काढूच नयेत.

आता कायद्याची गोष्ट, कारण उत्साही कार्यकर्ते इथेच चुकतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे वर सांगितलेला केळ्याचा फोटो छापणे हाच गुन्हा ठरू शकतो. बालकाच्या हितासाठी परवानगी देण्याचा अधिकार बाल कल्याण समितीला आहे, आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना नाही. वर्ग सुरू करण्यापूर्वी अधीक्षकांची लेखी परवानगी घ्यावी. प्रदर्शन भरवायचेच तर चपलांचे भरवावे, पातेल्यांचे भरवावे.

चेहऱ्यांचे फोटो मुले एकमेकांचे काढतीलच, आणि ते काढू द्यावेत. फक्त ते प्रदर्शनासाठी नव्हेत. चार बाय सहाच्या दोन प्रती काढाव्यात. एक ज्याने फोटो काढला त्याला, एक ज्याचा काढला त्याला. आपल्याजवळ एकही ठेवू नये. मागे तारीख आणि काढणाऱ्याचे नाव मुलाच्याच अक्षरात असावे. अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल बालगृह सोडते, फाइल मात्र कार्यालयात राहते. तो छोटा आल्बम पेटीतून त्याच्याबरोबर जाईल.